देवबागची किनारारेषा एका महिन्यात २५ मीटर मागेपुढे: मदत हवी आहे

पुळण: मालवणजवळच्या देवबागच्या वाळूच्या दांड्याची किनारारेषा सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून काढतोय, २०१९ ते २०२४. गूगल अर्थ इंजिनमध्ये एमएनडीडब्ल्यूआय (पाणी ओळखणारा निर्देशांक, बँड ३ आणि ११ वरून), ओत्सू पद्धतीने पाणी-जमीन वेगळे करणारा उंबरठा, मग दर ५० मीटरवर किनाऱ्याला आडव्या छेदरेषा. एकाच एप्रिलमधल्या दोन निरभ्र चित्रांत रेषा २५ मीटर सरकलेली दिसते. ही धूप मानायची का?

खाजण: नाही, भरती आहे ती. पुळणीचा उतार २० ला १ धरला तर पाणी १ मीटर चढल्यावर रेषा २० मीटर आत येते. दर चित्रावेळची पातळी काढा, त्यातून एक ठरवलेली पातळी वजा करा, फरकाला उताराने भागा आणि रेषा तेवढी समुद्राकडे सरकवा (उत्तर ऋण आलं तर जमिनीकडे). सगळीकडे एकच उतार लावू नका. कर्ली नदीच्या मुखाजवळचं टोक आणि मोकळ्या समुद्राची बाजू वेगळी असते.

चित्राची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. साडेपाच तास मिळवायचे राहिले की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी वाचली जाते, कारण दोहोंत सहाच तासांचं अंतर.

पुळण: सगळी चित्रं पूर्ण ओहोटीचीच निवडली तर दुरुस्ती टळेल ना?

खाजण: उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या दिवसांची) ओहोटी मिळणारच नाही. उपग्रह आपल्यावरून नेहमी सकाळी ११ च्या सुमारास जातो. तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती: पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे चित्रात पाणी वर. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ११-१२ ला ओहोटी. पण तो भांग (लहान भरती-ओहोटीचा काळ), पाणी फार उतरत नाही. अंदाजाला हे पुरे, दुरुस्तीसाठी मात्र भरतीचं मॉडेल किंवा तक्ताच घ्या.

रेघोटी: आणखी दोन गोष्टी तपासा. जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून सेंटिनेलच्या आकड्यांत १००० ची भर आहे, त्याने निर्देशांक शून्याकडे दबतो. त्यामुळे ‘हार्मोनाइज्ड’ (ही भर काढून टाकलेला) संचच वापरा. आणि ओत्सू अख्ख्या चित्रावर चालवू नका. किनाऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोनतीनशे मीटरचा पट्टा कापून घ्या, नाहीतर माडाच्या बागा आणि खोल पाणी मिळून उंबरठा ओढतात. लाटांचा फेस तरीही वाळूत मोजला जातो, तेवढी चित्रं डोळ्यांनी बघून काढावीच लागतात.

बँड ११ चा एकेक ठिपका मुळात २० मीटरचा आहे. दोन चित्रांच्या वजाबाकीतून धूप सांगू नका. पावसाळ्यात गेलेली वाळू ऑक्टोबरनंतर परत येते, तेव्हा दरवर्षीची मार्च-एप्रिलची सगळी चित्रं दुरुस्त करून छेदरेषेगणिक रेषीय कल काढा.