तांबडा समुद्र नुसतं 'निमित्त' होता म्हणे!

निफाडचा_बागायतदार:
काल गावच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'तांबडा समुद्र, तिथे जहाजांवर क्षेपणास्त्रं टाकणारे येमेनचे हुथी बंडखोर, ही सगळी निर्यातदारांची कारणं. माल चांगला असला की कुठूनही पोचतो.' तिथे बोललो तर भाऊबंदकी होईल, म्हणून इथे लिहितोय.

अहो, द्राक्ष आहे, सळई नाही! सुएझमार्गे न्हावा शेवा ते रॉटरडॅम तीन-साडेतीन आठवडे लागायचे. डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी बाब-अल-मंदेबचा, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिणेकडच्या अरुंद तोंडाचा, नाद सोडला, आफ्रिकेला वळसा सुरू झाला, दहा-पंधरा दिवस वाढले. थॉमसन द्राक्ष शून्य अंशावर ठेवा, वर बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद घाला, देठ वाळायचा तो वाळतोच. त्या हंगामात माझा एक कंटेनर गेला. तिकडून फोटो आला: मणी हिरवेगार, देठ खराट्याची काडी. पनेट, म्हणजे द्राक्षाचा प्लॅस्टिकचा डबा, उचललं की तळाशी सुटे मणी. ठरलेल्या भावात किलोमागे एकोणीस रुपये कापले.

सातपूरचा_लेथवाला:
दुःख मान्य आहे भाऊ. पण त्या एकोणिसातलं भाडं किती, खराब माल किती? कंटेनरात तेरा टन धरले तरी अडीच लाखांच्या घरात जातंय. बिल बघितलं का? आम्हीही युरोपला पार्ट पाठवतो. भाडेवाढ आम्हाला इनव्हॉइसवर दिसते, तुम्हाला व्यापाऱ्याच्या तोंडून कळते. २०२१ ला एव्हर गिव्हन जहाज सुएझमध्ये सहा दिवस आडवं पडलं, आणि आमच्या एका पुरवठादाराने त्या नावावर वर्षभर वाढीव दर लावला. माल दमणहून येत होता!

निफाडचा_बागायतदार:
म्हणजे मी खुळा? एसी ऑफिसातून हिशेब सोपा असतो.

सातपूरचा_लेथवाला:
कुठलं एसी? पत्र्याची शेड आहे. मे महिन्यात या एकदा.

लासलगावकर:
तांबडा, काळा, कुठलाही समुद्र घ्या. तुमचा माल पंधरा दिवस उशिरा का होईना, गेला. आमचा गेलाच नाही. त्याच डिसेंबरात, ८ तारखेला, कांद्याची निर्यात बंद झाली ती ४ मे २०२४ ला उघडली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. त्यासाठी क्षेपणास्त्र लागलं नाही, सरकारचा एक कागद पुरला. ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट बघितली आहे मी. पुकारा झाला तेव्हा भाव ऐकून पोराने ट्रॉलीवरून उतरायलाच नकार दिला.

कॉलेजरोड_ताई:
आणि कांदा ऐंशीवर गेला की आम्ही काय करायचं? शहरातल्या माणसाला पोट नाही का?

लासलगावकर:
ताई, ऐंशीचा कांदा खाल्ला म्हणून कोणी मेलेलं ऐकलं नाही. पाच रुपयांना विकून कोण कोण गेलं ते आमच्या तालुक्यात विचारा.

कॉलेजरोड_ताई:
लगेच मरणावर यायची गरज नव्हती. माझे सासरे येवल्याचे, कांदाचाळीत कांदा सडलेला मीही निवडलाय. तो वास आठवडाभर हाताचा जात नाही. पण म्हणून भाजीवाल्याकडे रडू नये की काय?

गंगापूर_रोड:
पनामा कालव्यात तर कोणी गोळीही झाडली नाही. २०२३ च्या दुष्काळात कालव्याला पाणी पुरवणाऱ्या गातून तलावाचं पाणी खाली गेलं, रोजची छत्तीसेक जहाजं चोवीसवर आणावी लागली. तिथे निदान आपलं पाणी आपल्याच कालव्याला. आपण गंगापूर धरणाचं पाणी मराठवाड्यातल्या जायकवाडीला सोडायचं आणि...

सातपूरचा_लेथवाला:
हात जोडतो, हा धागा जायकवाडीला नेऊ नका.

दर्यावर्दी_नाशिकरोड:
पंधरा वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. तुम्ही देठावर भांडताय. १९ नोव्हेंबर २०२३ ला हुथींनी गॅलेक्सी लीडर जहाज धरलं, त्यावरचे पंचवीस जण जानेवारी २०२५ ला सुटले. मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर क्षेपणास्त्र पडून तिघे गेले. बाब-अल-मंदेब जेमतेम तीस किलोमीटर रुंद, तिथून जाताना घरी फोन करावा की करू नये हेच कळत नाही. 'कुठूनही पोचतो' म्हणणाऱ्याला एकदा चढवा बोटीवर. आणि सुएझ बंद पडणं काही नवलाचं नाही. १९६७ ते ७५ बंदच होता. चौदा जहाजं कालव्यातल्या कडू सरोवरात (ग्रेट बिटर लेक) अडकली, वाळूने पिवळी पडली.

लासलगावकर:
सलाम दादा. पण कांद्याचं मी सोडणार नाही.

निफाडचा_बागायतदार:
दादा, तुमच्यापुढे आमचे एकोणीस रुपये लहानच. आणि लेथवाले, बरं, सगळं खापर समुद्रावर नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीटही होती, बागेत मार बसलेलाच होता. झालं समाधान?

सातपूरचा_लेथवाला:
समाधान बिल बघितल्यावर.

निफाडचा_बागायतदार:
आत्ताच व्यापाऱ्याला फोन लावला. म्हणतो, 'अप्पा, एवढ्या जुन्या फाइली गोडाऊनला असतात, बघतो.' बघतो म्हणाला तेव्हा मागे कोणीतरी हसलं.