शाळेतील कर्मचाऱ्यांचे पडून होणारे अपघात : नोंद कशी ठेवावी आणि उपाय कोठून सुरू करावेत? मदत हवी आहे

नमस्कार. मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते आणि अपघात नोंदवही माझ्याकडे असते. गेल्या वर्षभरात आमचे तीन कर्मचारी कामावर असताना पडून जायबंदी झाले. एक शिक्षिका तक्ता लावण्यासाठी खुर्चीवर चढल्या, खुर्ची कलंडली आणि पडताना हात टेकल्यामुळे त्यांचे मनगट मोडले. एक शिपाई उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छातीशी धरून जिना उतरत असताना शेवटची पायरी न दिसल्याने कोसळले. सर्वांत गंभीर दुखापत आमच्या सफाई करणाऱ्या मावशींना झाली. स्वतःच पुसलेल्या फरशीवरून बादली उचलून नेताना त्या घसरल्या आणि खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया करावी लागली.

तिन्ही नोंदींपुढे 'निष्काळजीपणामुळे' असा एकच शेरा आहे. तो मला पटत नाही. ओल्या गुळगुळीत फरशीवर टाच टेकताच तिच्याखाली पाण्याचा पातळ थर राहतो आणि पकड सुटते. साबण नीट धुतला गेला नसेल, तर फरशी वाळल्यानंतरही थोडे पाणी सांडले की ती पुन्हा निसरडी होते. अशा वेळी सावध माणूसही घसरू शकतो. आम्ही 'ओली फरशी' असा पिवळा फलक ठेवतो खरा, पण वर्गांकडे जायला तोच एक रस्ता असेल, तर फलक वाचून माणसाने जायचे कोठून?

मधल्या सुट्टीऐवजी शाळा सुटल्यावर फरशी पुसावी, एका वेळी अर्धाच व्हरांडा ओला करावा, प्रत्येक मजल्यावर कठडा असलेली घडीची शिडी ठेवावी आणि गठ्ठे लहान बांधून एक हात जिन्याच्या कठड्यासाठी मोकळा ठेवावा, असे मी सुचवले आहे. सरळ शिडी वापरायची झाल्यास चार फूट उंचीमागे तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर हवा, हेही लिहून दिले. 'खर्चाचे नंतर पाहू' असे उत्तर मिळाले; वास्तविक यातील निम्म्या गोष्टींना खर्चच नाही.

शाळेत किंवा अन्यत्र हे काम सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगावे : नोंदवहीत जागा, वेळ, उजेड, पादत्राणे आणि फरशीची स्थिती यांखेरीज आणखी काय लिहावे? दुखापत न होता नुसता पाय घसरला, तर त्याचीही नोंद आपण ठेवता का? आणि जुन्या नोंदींवरील तो शेरा मूळ मजकुरात खाडाखोड न करता कसा दुरुस्त करावा?