मदत हवी आहे: पोरगी (१६) एकटी, फ्रँकफर्ट विमानतळावरून ट्रेननं फ्रायबुर्गला, जमेल का?

दारव्ह्याकडचा
राम राम मंडळी, दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पोरीची दहावी झाली. मे महिन्यात मावशीकडे जर्मनीत फ्रायबुर्गला जायचं ठरलं. व्हिसा आला, मुंबई ते फ्रँकफर्ट डायरेक्ट विमानाचं तिकीट काढून झालं, सकाळी सातच्या सुमारास उतरते. साडभाऊ विमानतळावर घ्यायला येणार होते. पण मावशीचं बाळंतपण तारखेच्या आधीच झालं, सिझर झालं, आणि आता ते म्हणतात बाळ-बाळंतीण सोडून रात्रीच निघून फ्रँकफर्ट गाठणं जमत नाही, पोरीला विमानतळावरच ट्रेन पकडू द्या, दोन तासांचा तर प्रवास आहे, मी फ्रायबुर्गच्या फलाटावर उभा राहतो. त्यांना सोपं आहे हो, ते तिथं कितीक वर्षांपासून राहून राहिले.

इकडे तिच्या आईनं धोशा लावला की तिकीट कॅन्सल करा. आजी म्हणते बाप्पा, लेकराले परक्या मुलखात एकटं सोडता का. आणि पोरगी म्हणते मी जातेच. ती काही भित्री नाही, यवतमाळला क्लासला एसटीनं एकटी जाते, सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडते. पण रेल्वेचं म्हणाल तर आमची शकुंतला (इकडची छोटी रेल्वे) बंद पडल्यापासून गाडी पाहायची तर बडनेरा नाहीतर धामणगाव गाठा, आणि तिथंही ती नेहमी आमच्यासोबतच चढली, डबा कुठं येतो ते मीच पाहत आलो.

तर विचारायचं असं की बॅग घेऊन बाहेर आल्यावर स्टेशन किती लांब, टॅक्सी करावी लागते का, १६ वर्षांच्या पोरीला एकटीला गाडीत बसू देतात का, विमान लेट झालं आणि गाडी सुटली तर तिकीट वाया जातं का, आणि इमिग्रेशनवाल्यानं एकटी काहून आली विचारलं तर काय दाखवायचं. इंग्रजी कामापुरतं येते, जर्मन शून्य. ज्यांनी स्वतः केलं त्यांनी सांगा. काळजी करू नका सगळं ठीक होईल हे सांगणारे घरी पुष्कळ आहेत.

पुण्यातला वऱ्हाडी
भाऊ, विमान कंपनीची अनअकम्पनीड मायनर सर्व्हिस घ्या ना. त्यांचा माणूस लेकराला सोबत नेतो. पैसे लागतात पण डोक्याला ताप नाही.

काटोलची, सध्या मानहाइम
भाऊ, ती सर्व्हिस तुमच्या कामाची नाही. त्यात ज्याचं नाव आधी लिहून दिलं त्याच मोठ्या माणसाच्या ताब्यात लेकरू देतात, ते पण विमानतळावरच. घ्यायला कोणी नाही हीच तर तुमची अडचण आहे. ते काही तिला ट्रेनमध्ये बसवून देणार नाहीत.

आता स्टेशनचं. टॅक्सी-बिक्सी काही नको, स्टेशन विमानतळालाच लागून आहे. पण तिथं स्टेशनं दोन आहेत आणि नवा माणूस फसतो तो इथंच. एक रेगिओनालबानहोफ, फलाट १ ते ३, तिथून लोकल सुटतात. दुसरं फर्नबानहोफ, फलाट ४ ते ७, तुमच्या पोरीची आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, तिथून. टर्मिनल १ ला उतरली तर झाकलेल्या पुलावरून चालतच जाते, दुसरं टर्मिनल असेल तर आधी १ ला यायचं. तिला एवढं पाठ करायला लावा: पाटीवर फर्नबानहोफ, फलाट चार ते सात. एक-दोन-तीन दिसले की माघारी.

फलाटावर जायला गेट नाही, तपासणी नाही. गाडी सुटल्यावर टीसी येतो, त्याला मोबाइलमधलं तिकीट दाखवायचं, पासपोर्ट हाताशी ठेवायचा. १६ वर्षांची पोरं एकटी फिरणं इथं रोजचं आहे, कोणी डोळे वर करून पण पाहत नाही. गाडी मात्र दोन-तीन मिनिटंच थांबते. फलाटाचे ए, बी, सी असे भाग असतात आणि तुमचा डबा कोणत्या भागासमोर येईल ते बोर्डावर दिसतं. कधी कधी डब्यांचा क्रम ऐन वेळी उलटा होतो आणि मग अख्खा फलाट बॅगा ओढत धावतो. तिला म्हणावं धावायचं नाही, समोरच्या दारातून आत शिर आणि आतून चालत जा. फक्त दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असल्या तर एकीतून दुसरीत आतून जाता येत नाही, तेवढं बोर्डावर बघून घ्यायचं.

डायरेक्ट गाडीच घ्या, मानहाइमला बदलायची नको. पण या गाड्या फ्रायबुर्गला संपत नाहीत, बहुतेक पुढं बासेलला जातात, म्हणजे स्वित्झर्लंड! रात्रभर विमानात जागलेलं लेकरू, झोप लागणारच. फ्रायबुर्गच्या आधी ओफेनबुर्ग येतं, तिथून अर्धा तास. मोबाइलला अलार्म लावू द्या आणि साडभाऊंना सांगा ओफेनबुर्गच्या वेळेला फोन करा म्हणून.

मला विचाराल तर सगळ्यात मोठी गोष्ट तिकीट. पैसे इथं घाला, बाकी कुठंही वाचवा.

दारव्ह्याकडचा
ताई लय उपकार. तिकिटाचंच विचारणार होतो. डीबीच्या (जर्मन रेल्वेच्या) ॲपवर २७ वर्षांखालच्यांसाठी एकदम स्वस्त दिसून राहिलं, आणि फ्लेक्सप्राइस म्हणून एक आहे त्याची किंमत पाहून मी मोबाइल खालीच ठेवला. काय फरक आहे?

काटोलची, सध्या मानहाइम
स्वस्तातलं तिकीट त्याच गाडीचं असतं, दुसऱ्या गाडीत चालत नाही. विमान लेट झालं, बॅग उशिरा आली, पासपोर्टची रांग लांबली आणि गाडी गेली, तर ते तिकीट गेलं. फ्लेक्सप्राइसवर त्या दिवशीची पुढची कोणतीही गाडी पकडता येते. रेल्वेमुळेच तुम्ही २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचणार असाल तर स्वस्त तिकिटाचं बंधनही सुटतं, पण विमानाच्या उशिराशी त्यांना घेणंदेणं नाही. मोठ्या माणसाचं ठीक आहे, तो भांडेल, नवीन तिकीट काढेल. तुमच्या पोरीनं गाडी सुटली तरी घाबरू नये एवढ्यासाठीच ते जास्तीचे पैसे. शिवाय सीट रिझर्व्हेशन वेगळं घ्यायचं, ते तिकिटात येत नाही.

आणि जर्मन रेल्वे घड्याळावर चालते हे विसरा. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या फक्त ६२.५ टक्के गाड्या वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवरच धरतात. म्हणून गाडी लेट किंवा रद्द झाली की काय करायचं याची तालीम करून ठेवा.

मूर्तिजापूरवाला
तालीम इथंच होते की. पोरीला बडनेऱ्याहून नागपूरला एकटीला पाठवा, तिकीट तिनंच काढायचं, फलाट तिनंच विचारायचा, डबा तिनंच शोधायचा. तुम्ही दुसऱ्या डब्यात बसा पाहिजे तर, पण तिला सांगू नका 😀 परत येताना तर मुद्दाम एक गाडी सोडायला लावा, मग पुढची कोणती ते ती पाहील. वहिनींनाही नागपूरला न्या, त्यांचीच भीती जास्त मोडायची आहे.

काटोलची, सध्या मानहाइम
हे बेस्ट. अजून दोन-तीन गोष्टी. इमिग्रेशनसाठी: व्हिसाला आईबापाचं नोटरी केलेलं संमतीपत्र दिलं असेल त्याची प्रत, परतीचं तिकीट, इन्शुरन्स, मावशीचा पत्ता आणि फोन. हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नाही. "आंट, फ्रायबुर्ग, वन मंथ" एवढं बोलली तरी पुरे, जास्तीचं सांगत बसू नको म्हणावं.

मोबाइलवर नेट चालू पाहिजे, रोमिंग पॅक किंवा ई-सिम भारतातूनच घ्या. विमानतळावर आणि आयसीईत फुकट वायफाय आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोबाइलच बंद पडला तर? कागदावर साडभाऊंचा नंबर +४९ सकट, तिकिटाचं प्रिंट, पॉवरबँक. मोठ्या स्टेशनांवर बानहोफ्समिसिऑन म्हणून मदतीची खोली असते, निळ्या जाकिटातली माणसं, पैसे घेत नाहीत, मानहाइमला पण आहेत. पोलिस ११०, बाकी इमर्जन्सी ११२.

आणि मे मध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. ती सातला उतरली म्हणजे तुमचे साडेदहा. उतरल्या उतरल्या फोन आला नाही म्हणून वहिनींना रडू देऊ नका, बॅग घेऊन बाहेर यायला तासभर सहज जातो.

दारव्ह्याकडचा
फ्लेक्सवालंच काढतो. डायरेक्ट गाडी नऊच्या नंतरची पाहतो, म्हणजे घाई नाही. नागपूरची तालीम रविवारी, तिची आई पण तयार झाली, पण म्हणते मी पोरीच्याच डब्यात बसीन. पाहू.

शेवटचं एक, आजी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, घरचं तूप आणि नागपूरची संत्रा बर्फी बांधून राहिली. चालते का?

काटोलची, सध्या मानहाइम
तूप नाही, बर्फी पण नाही, दुधाचं आणि मटणाचं काहीच युरोपात बाहेरून आणू देत नाहीत. डिंकाचे लाडू तुपातलेच ना, मग तेही राहू द्या. संत्री-आंबे पण नको, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं. डिंक, खारीक, खोबरं, मेथीदाणे कोरडेच पाकिटात द्या, तूप इथल्या इंडियन दुकानात मिळतं, साडभाऊंना लाडू वळायला बसवा. पापड, कुरड्या, जवसाची चटणी बिनधास्त पाठवा, फक्त चटणी नीट सील करा, कपड्यांना तेल लागतं.