मदत हवी आहे: मुलीला लेटेक्सची तीव्र अ‍ॅलर्जी, नागपुरातल्या लोकांनी कृपया सांगा

नमस्कार. माझ्या १४ वर्षांच्या मुलीला लेटेक्सची, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबराची, तीव्र अ‍ॅलर्जी आहे. आधी नुसत्या गांधी उठायच्या. मागे धरमपेठेत एका वाढदिवसाला गेलो, तर हॉलभर फुगे. तिने एकालाही हात लावला नाही, पण पोरं फटाफट फुगे फोडत होती. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, छाती घरघरायला लागली. फुग्यातल्या पावडरला लेटेक्सची प्रथिनं चिकटतात आणि ती हवेत उडते, हे डॉक्टरांनी समजावलं. आता अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन कायम पर्समध्ये. केळं, किवीतही लेटेक्ससारखी प्रथिनं असतात, म्हणून तीही बंद.

"फुग्याने काय होते जी?" हे ऐकून जीव मेटाकुटीला येतो. लोक वाईट नाहीत, पण श्वास अडकलेलं लेकरू त्यांनी पाहिलेलं नाही.

तिच्या दातांना तारा बसवायच्या आहेत. ग्लोव्हज नायट्राइलचे (लेटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे) आणि तारांना लावायचे छोटे रबरही लेटेक्स नसलेले, असं सांभाळणारे दंतवैद्य नागपुरात कोणाला माहीत आहेत का? स्वतःचा अनुभव असेल तर फार बरं. सीताबर्डीच्या बाजारात चाट खाताना मी ठेलेवाल्याला ग्लोव्हज काढून, हात धुऊन द्यायला सांगते. पण लग्नात केटरर्सना कसं सांगता? आणि शाळेत फुग्यांऐवजी कागदी पताका लावा, हे कोणी पटवून दिलंय का? अर्ज कसा लिहिला होता?