टेरोसॉरला ‘उडणारा डायनासोर’ म्हणावे का?

यवतेश्वरकर (सातारा):
गेल्या आठवड्यात येथील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात टेरोसॉर या नामशेष झालेल्या उडणाऱ्या सरीसृपाच्या प्रतिकृतीखाली ‘उडणारा डायनासोर, पक्ष्यांचा पूर्वज’ अशी पाटी होती. चार शब्दांत दोन चुका! टेरोसॉर हे डायनासोरांचे चुलत भाऊ. आणि पक्षी उतरले ते दोन पायांवर चालणाऱ्या डायनासोरांच्या एका शाखेतून, टेरोसॉरपासून नव्हे. प्रतिकृती करणाऱ्या मुलाने मात्र पंख अचूक साधला होता: हाताची तीन बोटे मोकळी आणि चौथे बोट छत्रीच्या काडीसारखे लांबवून त्यावर कापड ताणलेले. वटवाघळाच्या पंखात अंगठा सोडून चारही बोटे ताणलेली असतात, तर पक्ष्याच्या पंखाची मदार पिसांवर असते. कणा असलेल्या प्राण्यांत उड्डाण असे तीनदा, स्वतंत्रपणे साधले गेले आणि त्यात पहिला मान टेरोसॉरचा, हे त्या पाटीने पुसून टाकले.

कृष्णाकाठ (सांगली):
शास्त्र आपल्या बाजूने आहे, पण आग्रह अवाजवी वाटतो. देवमासा हा मासा नाही हे ठाऊक असूनही आपण तो शब्द टाकलेला नाही. 1784 मध्ये निसर्ग-अभ्यासक कोलिनी यांनी टेरोसॉरच्या पहिल्या जीवाश्माचे वर्णन केले तेव्हा त्यांना तो समुद्री प्राणी वाटला. तो उडणारा सरीसृप असल्याचे फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी 1801 मध्ये ओळखले. जाणकारांना सतरा वर्षे लागली, मुलांना दोन-चार इयत्ता लागू द्या. शिवाय ज्याचा वंशच उरला नाही, त्याला उत्क्रांतीत एवढे स्थान कशाला?

यवतेश्वरकर:
‘देवमासा’ शिकवताना तो मासा नाही हेही लगेच सांगितले जाते. पाटीवर तसे काहीच नव्हते. वंशाचे म्हणाल, तर हे प्राणी सुमारे 16 कोटी वर्षे टिकले आणि त्यांच्यातल्या केत्झलकोटलस या महाकाय प्राण्याचा पंखविस्तार दहा मीटरांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एसटीच्या लांबीएवढा होता. ते संपले 6.6 कोटी वर्षांपूर्वी, अजिंक्यताऱ्याचा काळा पाषाण लाव्हारसातून घडत होता त्याच सुमारास, आणि त्यांच्याबरोबर पक्षी सोडून सारे डायनासोरही गेले. त्यात पंखांचा काय दोष?

एक वाचक (मिरज):
‘उडता सरडा’ सुचवणार होते, परंतु बरगड्यांवर ताणलेल्या कातडीने झाडाझाडांतून तरंगणारा पश्चिम घाटातला सरडा ते नाव आधीच बळकावून बसला आहे. ‘उडणारा सरीसृप’ कसे वाटते?

कृष्णाकाठ:
सरीसृप म्हणजे सरपटणारा. ‘उडणारा सरपटणारा प्राणी’ असे वाचून मूल आधी हसेल, हे मात्र धरून चाला. ‘पक्ष्यांचा पूर्वज’ तेवढे खोडावे, याला माझी हरकत नाही.