डिकीवरची अक्षरं काढायचीत, सोलापुरात कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. माझी लाल स्विफ्ट आहे, एमएच १३ पासिंग, २०१५ ची. डिकीवरचं मॉडेलचं नाव, व्हेरियंटची अक्षरं आणि डीलरचं स्टिकर काढून मागची बाजू एकदम साफ करायची आहे.

पद्धत माहीत आहे. हेअर ड्रायरने अक्षरांमागची चिकट टेप मऊ करायची, मागून नायलॉनचा धागा करवतीसारखा फिरवायचा, उरलेला गोंद टार रिमूव्हरने पुसायचा. (आपल्याकडं मे महिन्यात ड्रायर कशाला, दुपारी गाडी उन्हात लावली की झालं!) पण खरी भीती पुढची आहे. इतक्या वर्षांच्या उन्हानं बाकीचा लाल रंग फिका पडलाय आणि अक्षरांखालचा तसाच गडद असणार. म्हणजे अक्षरं गेली तरी नाव वाचता येणारच. रबिंग-पॉलिशनं हा फरक जातो का? मशीन पॉलिश नीट करणारं कुणी होटगी रोड किंवा विजापूर रोडकडं आहे का? क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून टाकणारे नकोत.

लोगोला मागं पिना असतात का, तेही सांगा. भोकं उघडी पडणार असतील तर लोगो राहू दे.

छताला काळं रॅप (चिकटवायची फिल्म) पण करायचंय. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते, पण फक्त छतासाठी आरटीओत कुणी नोंद केली आहे का? अंदाजे खर्चही कळवा.