चिनी ‘रास’ म्हणावं का?

भाचीचा जन्म ७ फेब्रुवारी २०२४, संध्याकाळचा. बारशाला आलेल्या एका छापील कार्डावर ‘रास : ड्रॅगन’ असं होतं. पंचांगात तर धनु. चिनी प्राण्याला ‘रास’ हा शब्द चालेल का?

— माझ्या मते नाही. आपली रास म्हणजे आकाशाचा तीस अंशांचा तुकडा. जन्मवेळी चंद्र ज्या तुकड्यात असेल ती रास. म्हणून ती सव्वादोन दिवसांनी बदलते. चिनी प्राण्याला आकाशात जागाच नाही, तो अख्ख्या वर्षाचा असतो. मूळ शब्द ‘शंगश्याओ’. शंग म्हणजे जन्म, श्याओ म्हणजे सारखेपणा.

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, शेळी, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर हा क्रम ठरलेला. हे बारा म्हणजे कालगणनेतल्या बारा ‘शाखा’. सोबत दहा ‘खोडं’ असतात. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या प्रत्येक तत्त्वाला दोन. दोन्ही रांगा दरवर्षी एकेक घर सरकतात, त्यामुळे तीच जोडी ६० वर्षांनी परत येते. २०२४ लाकडाचा ड्रॅगन, २०२६ अग्नीचा घोडा. आपली संवत्सरंही प्रभव ते क्षय अशी ६०च! म्हणून जवळचा नातलग संवत्सर आहे, रास नव्हे. मी ‘वर्षप्राणी’ लिहितो.

— गुणमेलनातली ‘योनी’ का नको? तिथेही प्राणीच आहेत.

— योनी नक्षत्रावरून ठरते. या बाळाचं नक्षत्र पूर्वाषाढा, म्हणून योनी वानर. वर्षाशी तिचा संबंध नाही.

— आणि आठवा प्राणी शेळी की मेंढी?

— चिनी ‘यांग’मध्ये दोन्ही येतात. जपानमध्ये मेंढी मानतात, व्हिएतनाममध्ये शेळी. (व्हिएतनामात तर सशाऐवजी मांजर आणि बैलाऐवजी म्हैस!) मराठीत शेळीच लिहावं, मेंढी म्हटलं की वाचणाऱ्याला लगेच मेष आठवते.

शब्दाचा आग्रह धरतोय, कारण अशी लेबलं माणसाला चिकटतात. अग्नी-घोड्याच्या वर्षातली मुलगी नवऱ्याला जड जाते, अशी जपानमध्ये समजूत. १९६६ साली तिथले जन्म एका वर्षात सुमारे पाव भागाने घटले. मुलीला ‘मंगळ आहे’ म्हणून मोडलेली लग्नं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

— मग भाची ड्रॅगन तरी आहे का?

— चिनी नववर्ष त्या साली १० फेब्रुवारीला लागलं, म्हणजे रूढ हिशेबाने ती ससा. पण जन्मवेळेवरून भविष्य सांगणारे बरेच जण वर्ष ‘लीछुन’पासून, म्हणजे ४ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या वसंतापासून धरतात. त्यांच्या लेखी ती ड्रॅगनच. कार्डावरचा प्राणी राहू द्या, ‘रास’ तेवढी खोडा.